माउंट पर्याय (लिनक्स)

लिनक्स व तत्सम संचालन प्रणालींमध्ये डिस्क, पेनड्राइव्ह इत्यादींवरील फाइल प्रणाली मुख्य निर्देशिकेला जोडताना, म्हणजेच माउंट करताना, ज्या सूचना देता येतात त्यांना माउंट पर्याय म्हणतात. माध्यम केवळ वाचनासाठी उघडणे किंवा त्यावरील प्रोग्रॅम चालवण्यास मज्जाव करणे ही त्यांची साधी उदाहरणे होत. कायमचे पर्याय 'एफएसटॅब' या फाइलमध्ये नोंदवले जातात.

या पर्यायांची माहिती एकाच ठिकाणी नसते. माउंट आदेशाचे माहितीपृष्ठ 'यूटिल-लिनक्स' या प्रकल्पाकडे आहे, तर पर्यायांची अंमलबजावणी करणारी आज्ञावली कर्नलमध्ये आहे. त्यामुळे आज्ञावली बदलली तरी माहितीपृष्ठ आपोआप बदलत नाही. एक्सटी४ व एक्सएफएस यांच्यासाठी आता स्वतंत्र पृष्ठे असून मुख्य पृष्ठ वाचकाला तिकडे पाठवते.

जुनी माहिती केवळ निरुपयोगी नसते, ती अपायकारकही ठरते. एक्सएफएसचा 'नोबॅरिअर' हा पर्याय वेग वाढवण्यासाठी अनेक जुन्या मार्गदर्शिकांत सुचवला जात असे. कर्नल ४.१० पासून तो निष्प्रभ व कालबाह्य ठरला आणि ४.१९ (२०१८) मध्ये काढून टाकण्यात आला. एफएसटॅबमध्ये तो तसाच राहिल्यास कर्नल अपरिचित पर्याय म्हणून माउंट नाकारते. विभाग महत्त्वाचा असल्यास संगणक सुरूच होत नाही. याउलट 'रिलेटाइम' हा पर्याय २.६.३० (२००९) पासून न सांगताच लागू होतो, तरीही तो लिहिण्याचा सल्ला अद्याप आढळतो.

मराठी वापरकर्त्याचा संबंध प्रामुख्याने पेनड्राइव्हवरील फॅट फाइल प्रणालीशी येतो. तिच्यात लांब नावे युनिकोडमध्ये साठवली जातात. परंतु वर्णसंच म्हणून आयएसओ ८८५९-१ वापरला गेल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. 'नागपूर' हे नाव सहा प्रश्नचिन्हांचे होते आणि तेवढ्याच चिन्हांच्या दुसऱ्या नावापासून ते वेगळे ओळखता येत नाही. यावर 'आयओचारसेट=यूटीएफ८' असा उपाय सर्रास सांगितला जातो. कर्नलचे दस्तऐवज मात्र त्याची शिफारस करीत नाहीत, कारण त्यामुळे रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. त्याऐवजी 'यूटीएफ८' हा स्वतंत्र पर्याय वापरावा असे तेथे नमूद आहे. देवनागरीत असा अक्षरभेद नसल्याने केवळ मराठी नावे वापरणाऱ्याच्या हा दोष लक्षातही येत नाही.

फॅटमध्ये वेळ स्थानिक घड्याळानुसार व कालविभागाच्या उल्लेखाविना साठवली जाते. कर्नल ती जागतिक प्रमाणवेळ समजल्यास नागपूरला सकाळी १० वाजता काढलेले छायाचित्र दुपारी ३.३० चे दिसते. 'टाइम_ऑफसेट=३३०' या पर्यायाने ३३० मिनिटे वजा होऊन चूक दुरुस्त होते. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत असा एकच स्थिर आकडा वर्षभर पुरत नाही. भारतात तो पुरतो.