फेसबुक बंद पडलं आणि कर्मचारी दाराबाहेर अडकले! ऑफिसचं कार्ड नेमकं काम कसं करतं?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲपवर मेसेज जाईना, इन्स्टाग्राम रिफ्रेश होईना. कुणी वायफाय बंद-चालू करून पाहिलं, कुणी रिचार्ज संपलं का ते तपासलं. शेवटी सगळे ट्विटरवर जमले आणि कळलं, की फेसबुकचं सगळं दुकानच बंद पडलंय.

देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे फेसबुकची डेटा सेंटर एकमेकांना जोडणारं नेटवर्क तुटलं होतं. अशी चूक अडवायला एक टूल होतं, पण त्यातही बग निघाला. सगळं पूर्ववत व्हायला सहा तासांच्या आसपास लागले.

पण त्या दिवशीची खरी गंमत वेगळीच होती. कर्मचाऱ्यांचे बॅज चालत नसल्याने त्यांना ऑफिसच्या इमारतींमध्ये शिरता येत नाहीये, असं न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने ट्विट केलं. डेटा सेंटरमध्ये पाठवलेल्या इंजिनिअरना कडक सुरक्षेमुळे आत जाऊन काम सुरू करायला वेळ लागला, हे तर कंपनीनेच नंतर सांगितलं.

आता प्रश्न पडतो, की इंटरनेट गेलं म्हणून दार का उघडू नये?

त्यासाठी आधी कार्ड समजून घेऊ. गळ्यात अडकवलेल्या त्या कार्डात बॅटरी नसते. असते फक्त तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक छोटी चिप. दाराशेजारच्या रीडरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड जवळ नेलं की गुंडाळीत वीज तयार होते, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. साध्या कार्डाचं काम इथेच संपतं. तुमचं नाव, पद, पगार यातलं त्याला काहीच माहीत नसतं.

रीडरही बहुतेक वेळा निरोप्याच असतो. तो नंबर पुढे कंट्रोलर नावाच्या डब्याकडे पाठवतो. कोणत्या नंबरला कोणतं दार किती वाजेपर्यंत उघडायचं, याची यादी या डब्याकडे असते. नंबर यादीत सापडला की तो कुलुपाला इशारा देतो. नेहमी ऐकू येणारा ‘टक्’ तो हाच.

मेख इथेच आहे. ही यादी ठेवलीय कुठे? चांगल्या सिस्टिममध्ये तिची प्रत कंट्रोलरमध्येच असते. मग नेटवर्क गेलं तरी दार आपलं काम करत राहतं आणि कोण आलं-गेलं त्याची नोंद नेटवर्क आल्यावर सर्व्हरला पाठवतं. पण दर वेळी सर्व्हरला विचारूनच दार उघडणारी सिस्टिम असेल, तर नेटवर्क गेल्यावर सगळे पायऱ्यांवर बसून राहतात.

छोट्या ऑफिसांमध्ये वेगळीच भानगड असते. तिथे पैसे वाचवायला रीडर आणि कंट्रोलर एकाच मशीनमध्ये घेतात आणि ते बाहेरच्या भिंतीवर लावतात. म्हणजे दार उघडायचा निर्णय घेणारा डबाच बाहेर. तो कुणी खोलला तर कुलुपाची वायर थेट त्याच्या हातात. कंट्रोलर दाराच्या आतल्या बाजूला हवा, ही साधी गोष्ट आहे, पण फिटिंग करताना तीच विसरली जाते.

आणि लाइट गेली तर? काचेच्या दारावर जे चुंबकी कुलूप असतं, ते वीज असेपर्यंतच धरून ठेवतं. नेहमीच्या आकाराचं कुलूप सुमारे २७० किलोचा जोर सोसतं, पण वीज गेली की सुटतं. हे मुद्दामच तसं असतं. आग लागली तर आतल्या माणसांना बाहेर पडता आलं पाहिजे ना! मात्र महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी लाइट जाणं हे रोजचंच. बॅकअप बॅटरी नसेल, तर त्या वेळी ऑफिस सताड उघडं.

कार्डाची नक्कल हा आणखी एक विषय. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी, स्वस्त कार्डं आपला नंबर कुणीही विचारला तरी सांगतात. तो दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवणारी यंत्रं सहज विकत मिळतात. मायफेअर क्लासिक हे कार्ड त्या मानाने पुढचं, लंडनच्या मेट्रोतही वापरलेलं. पण २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं कूट फोडून दाखवलं. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी ते संशोधन छापू नये म्हणून कोर्टात गेली. कोर्टाने नकार दिला. त्याच जातीची कार्डं आजही विकली जातात, कारण स्वस्त पडतात.

आता वायफायकडे येऊ, कारण आजकाल दाराची बरीच मशीन वायफायवरच जोडलेली असतात. कर्मचारी नोकरी सोडून गेला की एचआर कार्ड परत घेतं, यादीतून नंबरही काढतं. पण वायफायचा पासवर्ड? तो दोन वर्षांपूर्वी जो होता तोच, आणि गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो सेव्ह असतो. बाहेर रस्त्यावर उभं राहूनही त्याचा फोन आपोआप जोडला जातो. दार, कॅमेरे आणि अकाउंट्सचा कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील, तर कार्ड परत घेऊन फार काही साधलं असं म्हणता येत नाही.

यावरचा उपाय नवा नाही. बिझनेससाठीच्या वायफाय उपकरणांमध्ये प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं. माणूस गेला की फक्त त्याचं लॉगिन बंद करायचं, बाकीच्यांना पासवर्ड बदलायची कटकट नाही. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवता येतं, दाराच्या मशीनसाठीही स्वतंत्र नेटवर्क करता येतं. बऱ्याच ऑफिसांकडे ही सोय असलेलं मशीन आधीच भिंतीवर असतं, फक्त सेटिंगला कुणी हात लावलेला नसतो.

नवी सिस्टिम घ्यायची असेल, तर डेमोच्या वेळी विक्रेत्याला दोनच गोष्टी करायला सांगायच्या. आधी नेटवर्कची केबल काढ आणि कार्ड लावून दाखव. मग मेन स्विच बंद कर आणि बॅटरीवर दार किती वेळ टिकतं ते दाखव.