बेशुद्धीतील मेंदूचा आलेख

डोक्याला जबर मार बसल्यानंतर जो रुग्ण कोमात जातो, तो हाका मारल्या किंवा चिमटा काढला तरी डोळे उघडत नाही, बोलत नाही आणि सांगितलेली कृती करत नाही. ही बेशुद्धी किती खोल आहे हे ठरवण्यासाठी ग्लासगो येथील ग्रॅहम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली, डोळे, वाचा आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देणारी पद्धत आजही जगभर वापरली जाते व तीत ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजेचे मानले जातात. मात्र ही पद्धत शरीरावर दिसते तेवढेच मोजते. रुग्ण पुन्हा शुद्धीवर येईल का, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मेंदूच्या आत काय चालले आहे हेही पाहावे लागते, आणि त्यासाठी मेंदूच्या विद्युत तरंगांचा आलेख, म्हणजे ईईजी, उपयोगी पडतो.

मेंदूतील असंख्य पेशी एकमेकींना संदेश देत असताना जे सूक्ष्म विद्युत प्रवाह निर्माण होतात, त्यांची चाहूल टाळूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडना लागते. व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतके क्षीण असलेले हे तरंग जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून प्रथम नोंदवले आणि १९२९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या जाग्या माणसात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांचे अल्फा तरंग दिसतात, तर गाढ झोपेत आणि मेंदूच्या इजेत सेकंदाला ४ पेक्षा कमी आवर्तनांचे संथ डेल्टा तरंग वाढतात.

कोमातील रुग्णाचा आलेख वाचताना तज्ज्ञ केवळ तरंगांचा वेग पाहत नाहीत. तरंग अखंड आहेत की मधूनमधून लोपतात, टाळी वाजवल्यावर किंवा नखावर दाब दिल्यावर त्यांत बदल होतो का, आणि काळाच्या ओघात त्यांत चढउतार होतो का, या तीन गोष्टींना मोठे महत्त्व असते. निरोगी झोपेत सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनांचे जे छोटे झुबके उमटतात, ते बेशुद्ध रुग्णाच्या आलेखात दिसणे हेही आशादायक असते, कारण मेंदूचा पृष्ठभाग आणि त्याच्या गाभ्यातील थॅलॅमस यांना जोडणारे मार्ग शाबूत असल्याखेरीज ते उमटत नाहीत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच्याही पुढे गेला. अपघात, रक्तस्राव आदी कारणांनी मेंदूला नुकतीच इजा झालेल्या आणि कोणत्याही आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या १०४ रुग्णांना हाताची मूठ उघडझाप करण्यास व थांबण्यास सांगून त्यांचे तरंग संगणकाने तपासले असता, हात निश्चल असलेल्या १६ जणांच्या मेंदूत आज्ञेनुसार बदल होत असल्याचे आढळले. वर्षभरानंतर या गटातील ४४ टक्के रुग्ण दिवसातील निदान काही तास स्वतःची काळजी घेऊ शकत होते. इतरांत हे प्रमाण १४ टक्के होते.

तरीही प्रतिकूल आलेखावरून आशा सोडणे योग्य नाही. अतिदक्षता विभागात दिली जाणारी गुंगीची औषधे तरंग दडपतात. अंगाला झटके न येताही मेंदूत अपस्माराची लाट चालू असू शकते आणि तिच्यावर उपचार करता येतात. शिवाय हृदय बंद पडून आलेल्या कोमाचे निकष अपघाताच्या कोमाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण अपघातात पेशी सरसकट मरण्याऐवजी त्यांना जोडणारे तंतू ताणले किंवा तुटले जातात आणि सुधारणा महिनोन्‌महिने चालू राहू शकते. भाकीत वाईट म्हणून जीवरक्षक उपचार लवकर थांबवले, तर मृत्यूमुळे ते भाकीत आपोआप खरे ठरते आणि चूक कधी उघडच होत नाही. म्हणून औषधांचा अंमल उतरल्यावर पुन्हा पुन्हा काढलेला आलेख, रुग्णाचे वय, बाहुल्यांची प्रतिक्रिया आणि मेंदूची चित्रे यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. आलेखातील शुभ चिन्ह उपचार नेटाने चालू ठेवण्यास बळ देते, परंतु त्याचा अभाव हा एकटा निकाल देण्यास पुरेसा पुरावा नव्हे, आणि हा भेद डॉक्टरांनी नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगणे हे उपचाराइतकेच त्यांचे कर्तव्य आहे.