साठ सूचना, शंभर चुका

मूल चालताना पडले की आपण त्याला हसून उभे करतो. तेच मूल पाटीवर चुकले की आपला आवाज चढतो. म्हणूनच आज एका मोठ्या माणसाच्या चुकांची गोष्ट सांगतो.

डोनाल्ड कनूथ यांचा जन्म १९३८ सालचा, अमेरिकेतील मिलवॉकीचा. १९५६ मध्ये ते क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये पदार्थविज्ञान शिकायला गेले. मनात नापास होण्याची धास्ती होती. पहिल्याच वर्षी तिथे आयबीएम ६५० हा संगणक आला. त्याला आजच्यासारखा पडदा नव्हता. फिरत्या पिंपावर दहा अंकी २००० संख्या मावत, तेवढीच त्याची स्मरणशक्ती. भोके पाडलेल्या कार्डांवरून त्याच्याशी बोलायचे.

सोबतच्या पुस्तिकेतील नमुने पाहून कनूथना वाटले, याहून चांगले आपण लिहू शकू! त्यांचा पहिला प्रोग्राम संख्येचे मूळ अवयव शोधणारा होता. सूचना सुमारे साठ. दोन आठवड्यांनी तो नीट चालला, तेव्हा त्यातून शंभराहून अधिक चुका निघाल्या होत्या!

सूचनांपेक्षा चुका जास्त कशा? पाहुण्याला पत्ता सांगताना आपण ‘पुढे चौक लागेल’ म्हणतो. चौक लागलाच नाही, तर पाहुणा पानवाल्याला विचारतो. यंत्र कुणालाच विचारत नाही. कार्डावर ८० रकाने असत, म्हणजे दहा अंकी संख्या आठच मावणार. २५६ चे अवयव आठ दोन, ते बसतील. ५१२ चे नऊ. नववा कुठे ठेवायचा, हे आधीच सांगावे लागते. शिवाय एक चूक दुरुस्त करताना दुसरी शिरते, ती वेगळीच.

पुढे कनूथ यांनी यंत्राला फुली-गोळा शिकवला. त्याची एक तऱ्हा तर खेळता खेळता स्वतःच शिकत असे. १९६८ मध्ये त्यांच्या प्रोग्रामिंगवरील ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. ती त्यांनी अर्पण केली, त्या जुन्या ६५० यंत्राला. ग्रंथातील चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवू लागले. २००८ पासून धनादेशाऐवजी प्रमाणपत्र देतात. लोक ते खर्चत नाहीत, जपून ठेवतात.

मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या वहीत शाबूत ओळींपेक्षा खोडलेल्या ओळीच जास्त. पूर्वी ती वही मी लपवून ठेवत असे. आता घरातली मुले अभ्यासाला बसली की मुद्दाम उघडी ठेवतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)