बिनतारी जोडणी आणि तिचा दुभाषा

काशीक्षेत्री शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. संकठा देवीच्या मंदिरावरून या घाटास हे नाव मिळाले. येथून पंचगंगा, दुर्गा व ब्रह्मा घाटांच्या दिशेने चालू लागले, की मराठी कुटुंबांची जुनी वस्ती लागते. गल्ल्या अरुंद, घरे उंच आणि भिंती जाड. अशा एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी लॅपटॉपवर परीक्षेचा अर्ज भरीत बसला आहे, अशी कल्पना करू. अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस. शुल्क भरण्याचे पान उघडले आणि त्याच क्षणी बिनतारी जोडणी तुटली. दोन मिनिटांनी ती आपोआप जुळली व पुन्हा तुटली. शुल्क पोचले की नाही, हेही कळेना. घरातील एक जण म्हणतो, भिंतींचा दोष; दुसरा म्हणतो, जोडणी देणाऱ्या कंपनीचा; शेजारी सांगतो, लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. खरे कारण शोधल्यावाचून केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. ते कारण शोधावे कसे, याचा येथे विचार करू.

लहरींचा प्रवास

तारेवाचून संदेश नेणाऱ्या लहरी आपल्या देशास नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशा लहरींचे जाहीर प्रयोग करून दाखविले होते. आज ज्यास आपण वाय-फाय म्हणतो, त्याचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत मुख्यतः दोन पट्ट्यांतील लहरी वापरतात. पहिल्या पट्ट्यातील लहरींची कंपने सेकंदास सुमारे २४० कोटी, आणि लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यात कंपने ५०० कोटींहून अधिक आणि लांबी सहा सेंटिमीटरांहून कमी असते. पहिला पट्टा भारतात २००५ साली परवान्याच्या अटीतून मुक्त झाला. दुसऱ्या पट्ट्यावरील बंधने २०१८ साली मोठ्या प्रमाणात सैल झाली.

आखूड लहरी वेगाने माहिती नेतात, परंतु जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. लांब लहरी भिंतीतून त्या मानाने बऱ्या जातात. पण त्यांच्या पट्ट्यात शेजाऱ्यांची यंत्रे, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टी या सर्वांची गर्दी असते. तेव्हा जुन्या वस्तीत भिंतींवर येणारा संशय निराधार नाही. मात्र तो एकमेव संशयित नव्हे.

दुभाष्याचे काम

लॅपटॉपच्या पोटात एक छोटी पट्टी असते. तिला बिनतारी अडॅप्टर म्हणतात. लहरी पाठविणे व झेलणे हे तिचे काम. लॅपटॉपचा सर्व कारभार पाहणारी विंडोज अथवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली या पट्टीशी थेट बोलू शकत नाही. कारण प्रत्येक कारखान्याच्या पट्टीची आज्ञा घेण्याची रीत निराळी. म्हणून दोघांमध्ये एक लहानसा प्रोग्राम बसविलेला असतो. त्याचे नाव ड्रायव्हर.

शब्दाचा सरळ अर्थ ‘चालक’ असा असला, तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूस हिंदी येत नसेल, तर घाटावरचा एखादा मराठी उपाध्याय त्याचे म्हणणे नावाड्यास समजावून देतो. नाव चांगली, नावाडी कुशल, यात्रेकरूही समजदार. परंतु दुभाष्याने एक शब्द चुकीचा सांगितला, तर नाव भलत्याच घाटाला लागते. ड्रायव्हरचेही असेच आहे.

हा दुभाषा तीन प्रकारांनी चुकतो. एक, त्याच्या मूळ रचनेतच दोष असतो, आणि तो अनेकांच्या वापरानंतर उघडकीस येतो. दोन, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती येते व जुन्या ड्रायव्हरला तिच्या आज्ञा नीट उमगत नाहीत. तीन, वीज वाचविण्यासाठी अडॅप्टरला निजविले जाते आणि ड्रायव्हर त्यास वेळेवर जागे करू शकत नाही. लॅपटॉप झाकून पुन्हा उघडला की जोडणी नाहीशी होते, ती पुष्कळदा या तिसऱ्या कारणाने.

निदान आधी, उपाय मागून

पहिली कसोटी सोपी आहे. लॅपटॉप जेथे ठेवला असेल, तेथेच एक फोन त्याच राउटरला जोडून पाहावा. फोनचीही जोडणी तुटत असेल, तर दोष राउटरचा, बाहेरच्या वाहिनीचा अथवा अंतराचा होय. फोन व्यवस्थित चालत असेल, तर लॅपटॉप उचलून राउटरच्या शेजारी आणावा. तेथे जोडणी स्थिर राहिली, तर भिंती व अंतर यांचा विचार करावा. तेथेही ती तुटली, तर संशय अडॅप्टर व त्याचा ड्रायव्हर यांच्यावर येतो. प्रत्येक कसोटी निदान पंधरा मिनिटे चालू द्यावी. क्षणभराच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये.

ड्रायव्हर बदलण्याची रीत

विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची खिडकी उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या यादीत बिनतारी अडॅप्टर शोधावा. त्याच्या गुणधर्मांत ड्रायव्हर कोणी दिला, त्याची तारीख व आवृत्तीचा क्रमांक ही माहिती मिळते. ती आधी वहीत उतरवून घ्यावी. येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत दिलेल्या अनेक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही एकच तारीख असते. कारखान्याने दिलेला ड्रायव्हर नेहमी अधिक नवा ठरावा व त्यास प्राधान्य मिळावे, म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. म्हणून केवळ तारीख पाहून घाबरू नये. आवृत्तीचा क्रमांक पाहावा.

नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून किंवा लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीकडून, त्याच लॅपटॉपच्या नमुन्यासाठी असलेला, असाच घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणात नवे करतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांच्या वाटेस जाऊ नये. त्यांच्यासोबत उपद्रवी प्रोग्राम घरात शिरण्याचा धोका असतो. ड्रायव्हरची धारिका आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावी. कारण जुना ड्रायव्हर निघाला आणि नवा चालला नाही, तर इंटरनेटवर जाण्याचे दारच बंद होते. अशा वेळी राउटरला तारेने जोडणे, अथवा फोन तारेने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट वापरणे, हे मार्ग उपयोगी पडतात.

नवा ड्रायव्हर बसविल्यावर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. दोष कायम राहिल्यास त्याच गुणधर्मांतील वीजबचतीच्या पानावर, हे साधन बंद करण्याची जी मुभा दिलेली असते, ती काढून पाहावी. काही लॅपटॉपांवर हे पान दिसत नाही. आणि नव्या ड्रायव्हरने प्रकृती अधिकच बिघडली, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या कळीने मागील आवृत्तीकडे परतता येते. नवे ते सर्वच चांगले, असा शास्त्राचा नियम नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच असतात. तेथे सर्व प्रणाली अद्ययावत केली, की तेही नवे होतात.

स्थैर्याइतकेच सुरक्षिततेसाठीही हे काम महत्त्वाचे आहे. २०१७ साली माथी वानहूफ या बेल्जियन संशोधकाने वाय-फायच्या कुलूपव्यवस्थेतील एक गंभीर उणीव प्रसिद्ध केली. तीवर उपाय म्हणून नवी यंत्रे घ्यावी लागली नाहीत. कार्यप्रणाली, ड्रायव्हर व राउटर यांच्या दुरुस्त आवृत्त्या बसविणे पुरेसे होते.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याने या घटकेस ड्रायव्हरला हात लावू नये. फोनच्या जोडणीवरून अर्जाचे पान पुन्हा उघडावे, शुल्क बँकेच्या खात्यातून वजा झाले आहे काय ते पाहावे, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. घाईने दुसऱ्यांदा शुल्क भरू नये. अर्ज पोचल्याची पावती हाती आल्यावर, सवडीने, एका वेळी एकच बदल करून दुरुस्तीस बसावे. एका वेळी अनेक बदल केले, तर दोष जातो. परंतु कशाने गेला ते कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा आला की आपण होतो तेथेच असतो. एकेक कारण बाजूस सारीत सत्यापाशी जाणे, हीच प्रयोगशाळेची रीत आहे, आणि ती घरच्या लॅपटॉपलाही तितकीच लागू पडते.