विमान का हादरते?

सुकापूरहून पूर्वेकडे पाहिले की प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर दिसतात. वैशाखात दुपारनंतर त्यांच्या माथ्यावर ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखे फुगत जातात. २५ डिसेंबर २०२५ पासून जवळच्याच नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हा ‘अशा ढगात विमान सापडले तर?’ हा प्रश्न वर्गात येणारच. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबाही तोच विचारतात.

ढग फुगताना दिसतो, तेव्हा वर चढणारी हवाच आपल्याला दिसत असते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा आणखी हलकी होऊन अधिक वेगाने वर जाते. शेजारीच पावसाबरोबर खाली येणारा प्रवाह असतो. विमान एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरले की हादरा बसतो. ‘हवेतला खड्डा’ हा शब्द म्हणूनच फसवा आहे. तेथे हवा असतेच, फक्त ती वेगळ्या दिशेने वाहत असते.

मग ढगाच्या वरून का जात नाहीत? विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. आपल्याकडील गडगडाटी ढगांचे माथे १५ किलोमीटरच्याही वर जातात. वळसा घालणे हाच उपाय. विमानाच्या नाकातील रडारला पावसाचे थेंब चांगले दिसतात, हिमस्फटिक अंधुक दिसतात आणि निरभ्र हवेतील खळबळ मुळीच दिसत नाही.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर असताना असे हादरले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. विमान सहा हजार फूट कोसळल्याच्या बातम्या आल्या. पण ती उंची वैमानिकांनी नंतर सावकाश, नियंत्रित रीतीने कमी केली होती. प्राथमिक चौकशीनुसार हादऱ्यातील घट ४.६ सेकंदांत १७८ फूट, म्हणजे सुमारे ५४ मीटर होती. एवढ्याने विमान मोडत नाही. वजनाच्या अडीचपट भार सहज पेलेल आणि त्याच्याही दीडपट भाराखाली तुटणार नाही, असाच सांगाडा बांधावा लागतो.

माणसे मात्र छतावर आदळली. का, ते वर्गात दाखवता येते. खडूच्या रिकाम्या पेटीत एक खडू सुटा ठेवा, दुसरा तळाला चिकटपट्टीने बांधा. झाकण लावून पेटी झटक्याने खाली ओढा. सुटा खडू झाकणावर टक्कन आपटतो. मुले म्हणतील, खडू उडाला. खरे तर पेटी त्याच्यापेक्षा जलद खाली गेली आणि तो मागे राहिला. बांधलेला खडू पेटीबरोबरच खाली जातो.