षड्ज-पंचमातून स्विंगकडे : स्लाइड गिटारची जुळणी कशी निवडावी?

चेन्नई : तारेवर कांडी सरकवून सूर काढण्याची कला चेन्नईला नवी नाही. पडदे नसलेली चित्रवीणा अर्थात गोट्टुवाद्यम येथील संगीतसभांमध्ये अनेक पिढ्या ऐकली जात आहे. मात्र याच तंत्राने रेझोनेटर गिटारवर स्विंग जॅझ वाजवायचे झाल्यास पहिला प्रश्न जुळणीचा येतो. मोकळ्या तारा कोणत्या स्वरांत लावल्या आहेत, यावर पुढे काय वाजवता येईल हे ठरते.

चित्रवीणेचा स्थिर षड्ज

एकेकाळी भोसले राजांच्या अमलाखाली असलेल्या तंजावर परिसरातील तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव यांनी गोट्टुवाद्यमला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचे शिष्य नारायण अय्यंगार आणि अय्यंगार यांचे नातू चेन्नईचे एन. रविकिरण यांनी ती परंपरा पुढे नेली. या वाद्याच्या मुख्य तारा षड्ज आणि पंचमात जुळवतात. राग बदलला तरी षड्ज हलत नाही. त्यामुळे ही जुळणी आणि अनुनादी तारा गमकाला भक्कम आधार देतात.

ब्लूजशी या परंपरेचे सहज जुळते. अमेरिकी गायक-वादक ताजमहाल, विश्वमोहन भट्ट आणि रविकिरण यांचा ‘मुमताज महल’ हा ध्वनिसंग्रह १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या ब्लूजचा डोलारा मुख्यतः तीनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांवर उभा असतो.

अडचण कोठे येते?

१९३०च्या दशकात अमेरिकेतील नृत्यवृंदांनी लोकप्रिय केलेल्या स्विंगमध्ये कॉर्ड भराभर बदलतात आणि त्यांत सहावा, सातवा, नववा असे जादा स्वर मिसळलेले असतात. रेझोनेटर गिटार त्याच्या काही वर्षे आधीची. धातूच्या शंकूंमुळे आवाज मोठा करणारी ही गिटार १९२७ च्या सुमारास बाजारात आली. मांडीवर आडवी ठेवून वाजवताना तिची प्रचलित जुळणी ‘ओपन जी’ असते. या जुळणीत ‘जी’ला षड्ज मानले तर सहा तारा सा-ग-प-सा-ग-प अशा लागतात. सरळ धरलेली कांडी कोठेही ठेवली तरी एकाच प्रकारची मेजर कॉर्ड मिळते. स्विंगला तेवढे पुरत नाही.

‘सी सिक्स्थ’चा पर्याय

यावर रुळलेला उपाय म्हणजे ‘सी सिक्स्थ’ : सा-ग-प-ध-सा-ग. भूप रागातून रिषभ वगळावा, तसे हे स्वर. यांचा लाभ असा की धैवताला आधारस्वर मानले तर हेच चार स्वर मायनर सेव्हन्थ कॉर्ड होतात. बासवादकाने मध्यम धरला तर मेजर नाइन्थचा रंग येतो. कांडी न हलवता तीन कॉर्ड हाती लागतात.

उणीव एकच राहते. पुढच्या कॉर्डकडे ओढ निर्माण करणारी डॉमिनंट सेव्हन्थ सरळ कांडीने मिळत नाही. त्यासाठी सर्वांत खालची तार अर्धस्वराने चढवतात. षड्जाचा कोमल रिषभ झाला की कोमल रे-ग-प-ध मिळून धैवतावरची डॉमिनंट सेव्हन्थ तयार होते. मूळ कॉर्ड वाजवताना ती तार टाळावी लागते. उरलेल्या कॉर्डसाठी कांडी तिरकी धरतात. माईक ऑल्ड्रिज यांच्यासारख्या वादकांनी आठ तारांची रेझोनेटर गिटार वापरून हा पल्ला वाढवला.

निवड करताना

‘ओपन जी’ सोडण्याची तयारी नसल्यास तिसरी तार ‘जी’वरून ‘ई’पर्यंत उतरवून सहावा स्वर मिळवता येतो. तीन अर्धस्वर उतरल्याने ती सैल पडते, म्हणून तेथे जाड तार लावणे योग्य. पूर्ण ‘सी सिक्स्थ’साठी तारांचा संच बदलावा, जुन्याच तारा ओढून चढवल्यास तार तुटण्याचा आणि दांडीवर अवाजवी ताण येण्याचा धोका असतो.

चित्रवीणेच्या वळणाने शिकलेल्या वादकाला या बदलाची किंमतही मोजावी लागते. कॉर्ड सतत बदलत असल्याने षड्जाची अखंड साथ आणि अनुनादी तारांची झंकार स्विंगमध्ये विसंवादी ठरू शकते. लांब मींडेला अवकाश कमी मिळतो आणि न वाजणाऱ्या तारा तळहाताने दाबून ठेवण्याचा नवा सराव करावा लागतो. म्हणून एकल रागविस्तारासाठी षड्ज-पंचम, ब्लूजसाठी ‘ओपन जी’ आणि वृंदासोबत स्विंगसाठी ‘सी सिक्स्थ’, अशी विभागणी सोयीची ठरते.