चौदा इंची पडदा, बिनचार्जिंगचं पेन

ए४ कागदाचा कर्ण साधारण १४.३ इंच भरतो. सॅमसंगने २०२२ मध्ये आणलेल्या गॅलॅक्सी टॅब एस८ अल्ट्राचा पडदा १४.६ इंचांचा आहे. त्यामुळे ए४ आकाराचं पीडीएफ त्यावर जवळजवळ मूळ आकारात दिसतं. गणिताची लांबलचक मांडणी किंवा इमारतीचा आराखडा हाताळणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा.

खरी करामत मात्र त्याच्या पेनात आहे. पडद्याखालच्या तारांची जाळी चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यातूनच पेनमधल्या वेटोळ्याला ऊर्जा मिळते आणि ते उलट संकेत धाडतं. टोकावरचा दाब बदलला की संकेतही बदलतो, रेघ जाड-बारीक होते. लिहायला, चितारायला चार्जिंग लागतच नाही! ॲपल पेन्सिलला स्वतःची बॅटरी असते, ती संपली की काम थांबतं.

पण टॅबलेटचं वजन ७२६ ग्रॅमच्या आसपास. एका हातात धरून वाचायचं तर मनगट लवकरच कुरकुरतं, आणि उभं धरलं की १६:१० प्रमाणाचा पडदा फार उंच, अरुंद वाटतो. गुळगुळीत काचेवर अक्षर घसरतं. खरखरीत फिल्म चिकटवली तर पकड येते, पण चित्राची स्पष्टता थोडी उणावते.

टेबलावर बसून चित्रं काढणाऱ्याने असा टॅबलेट जरूर घ्यावा. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचणाऱ्याला अकरा इंचीच बरा.